स्फटिकात तासभर ‘थांबवलेला’ प्रकाश: नेमके काय साठते?

भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थ्याने असे विचारले आहे: चीनमधील संशोधकांनी एका स्फटिकात प्रकाश तासभर साठवून ठेवला असे वाचनात आले. त्या तासाभरात प्रकाश खरोखर स्फटिकाच्या आत असतो का? असेल, तर प्रकाशावर चालणारी हार्ड डिस्क किंवा पेनड्राइव्ह अजून बाजारात का आलेली नाही? आणि महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत यातले काही करून पाहता येईल का? गेली बरीच वर्षे मी याच जातीच्या स्फटिकांवर, म्हणजे दुर्मीळ मृदा मूलद्रव्ये मिसळलेल्या स्फटिकांवर काम करत आलो आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सुरुवात एका ओळखीच्या वस्तूपासून करू. लहान मुलांच्या खोलीत छताला चिकटवतात त्या अंधारात चमकणाऱ्या चांदण्या तुम्ही पाहिल्या असतील. आपल्याकडे त्यांना सरसकट ‘रेडियम’ म्हणतात, पण आजच्या चांदण्यांत रेडियम नसते. त्यातला चांगल्या प्रतीचा माल बहुधा स्ट्रॉन्शियम अ‍ॅल्युमिनेटचा असतो आणि त्यात युरोपियम व डिस्प्रोझियम ही मूलद्रव्ये अल्प प्रमाणात मिसळलेली असतात. दिवा विझवल्यावर ही चांदणी कित्येक तास मंद हिरवी दिसत राहते. म्हणजे घन पदार्थात, तेही साध्या खोलीच्या तापमानाला, काही रुपयांत, प्रकाश तासन्‌तास साठवला गेला. ज्या स्फटिकात तासभर प्रकाश साठवल्याची बातमी तुम्ही वाचली, त्यातही युरोपियमच आहे, फक्त वेगळ्या आयनाच्या रूपात. मग त्या बातमीत एवढे विशेष काय?

तुमच्या प्रश्नाचा गाभा मला इथे दिसतो. चांदणीने ऊर्जा राखली, पण प्रकाशाबद्दलची बाकी सगळी माहिती गमावली. तिच्यावर पडलेला प्रकाश कोणत्या दिशेने आला, त्याच्या लहरीचे शिखर नेमक्या कोणत्या क्षणी पोहोचले, एकापाठोपाठ दोन स्पंद आले असतील तर त्यांच्यातले नाते काय होते, यातले काहीही बाहेर पडणाऱ्या हिरव्या उजेडात उरत नाही. त्या नात्याला आपण फेज म्हणतो आणि क्वांटम माहिती याच नात्यात असते. आमच्या स्फटिकात याच्या अगदी उलट घडते: नाते जपले जाते आणि ऊर्जा जवळजवळ पूर्णपणे सोडून दिली जाते. त्यामुळे पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की, त्या तासाभरात स्फटिकात प्रकाश नसतो, इतकेच नव्हे तर प्रकाशाची ऊर्जासुद्धा जवळजवळ नसते. हे कसे शक्य आहे ते आता क्रमाने सांगतो.

आम्ही वापरतो तो स्फटिक बहुतेक वेळा यिट्रियम ऑर्थोसिलिकेटचा असतो. हातात घेतला तर स्वच्छ काचेचा लहानसा तुकडा वाटतो. काही मिलिमीटर लांबीचा, दोन बाजूंनी आरशासारखा पॉलिश केलेला. त्यातल्या दर हजार यिट्रियम आयनांपैकी साधारण एकाच्या, किंवा त्याहूनही कमी जागी प्रेसिओडिमियम किंवा युरोपियमचा आयन बसवलेला असतो. एवढ्या विरळ मिश्रणातही एका घन मिलिमीटरमध्ये या आयनांची संख्या दहाच्या सोळाव्या घाताच्या आसपास जाते. दुर्मीळ मृदा मूलद्रव्येच का, तर त्यांचे ज्या इलेक्ट्रॉनांशी आपले काम असते ते ४एफ कक्षेतले इलेक्ट्रॉन बाहेरच्या भरलेल्या ५एस आणि ५पी कक्षांच्या आड असतात. जाड भिंतींच्या वाड्यात आतल्या खोलीत बसलेल्या माणसाला रस्त्यावरचा गलका जसा जेमतेम ऐकू येतो, तसा स्फटिकातल्या इतर अणूंचा त्रास त्यांना फार कमी होतो. तरीही स्फटिक तीन-चार केल्विनपर्यंत, म्हणजे शून्याखाली सुमारे २७० अंश सेल्सिअसपर्यंत, थंड करावाच लागतो, कारण त्याहून वरच्या तापमानाला जाळीची कंपने हे फेजचे नाते चटकन मोडून टाकतात.

आता या स्फटिकावर एकच फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा एकच कण, पडला असे समजा. तो शोषला जातो, पण कोणत्या आयनाने शोषला याची नोंद कुठेच नसते. सगळे आयन मिळून ते एक उद्दीपन वाटून घेतात आणि प्रत्येक आयनाच्या वाट्याला त्याच्या जागेनुसार ठरावीक फेज येते. फोटॉनची दिशा आणि त्याची वेळ आयनांमधल्या या फेजच्या जुळणीत उतरते. अडचण अशी की, स्फटिक कधीच निर्दोष नसतो. प्रत्येक आयनाच्या आजूबाजूची जाळी किंचित वेगळी ताणलेली असते, त्यामुळे प्रत्येकाची वारंवारता थोडी वेगळी असते. एकट्या आयनाची शोषणरेषा किलोहर्ट्‌झइतकी किंवा त्याहूनही अरुंद असली, तरी सगळ्यांची मिळून ती काही गिगाहर्ट्‌झ रुंद होते. म्हणजे शोषण झाल्यावर लगेचच सगळे आयन आपापल्या लयीने धावू लागतात आणि सुरुवातीची जुळणी विस्कटते.

ही जुळणी परत आणण्याची एक युक्ती २००९ मध्ये जिनिव्हाच्या अफझेलियस, सायमन, द रीडमॅटेन आणि जिसिन यांनी मांडली आणि मला ती आजही फार सुंदर वाटते. लेसरने नको त्या वारंवारतांचे आयन बाजूच्या ऊर्जापातळ्यांत हलवायचे, म्हणजे शोषणाच्या वर्णपटात कंगव्याच्या दातांसारख्या सारख्या अंतरावरच्या रेषा उरतात. तबलजी एकच बोल ठाय, दुगुण, तिगुण आणि चौगुणात वाजवतो तेव्हा मधल्या काळात प्रत्येक लय वेगळ्या ठिकाणी असते, पण आवर्तन पूर्ण होताच सगळ्या लयी समेवर एकत्र येतात. इथेही तेच होते. दातांमधले अंतर एक मेगाहर्ट्‌झ असेल तर बरोबर एक मायक्रोसेकंदाने सगळ्या आयनांचे फेज पुन्हा जुळतात आणि फोटॉन, जणू काही झालेच नाही असा, मूळ दिशेने बाहेर पडतो. कंगव्याचे हे दात ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर पहिल्यांदा एकामागून एक उमटलेले पाहणे हा या कामातला सर्वांत समाधानाचा क्षण असतो. स्फटिकातल्या अब्जावधी आयनांनी तुमचे म्हणणे ऐकले, हे डोळ्यांना दिसते. प्रतिध्वनीची ही मूळ कल्पना मात्र जुनी आहे. अणुकेंद्रकांच्या स्पिनचा (ज्यामुळे केंद्रक सूक्ष्म चुंबकासारखे वागते त्या गुणाचा) प्रतिध्वनी हान यांनी १९५० मध्ये दाखवला आणि प्रकाशाचा प्रतिध्वनी १९६४ मध्ये माणकाच्या स्फटिकात कर्निट, अबेला आणि हार्टमन यांनी पाहिला.

पण सम ठरलेल्या वेळीच येते, आणि आम्हाला फोटॉन हवा तेव्हा परत हवा असतो. शिवाय उद्दीपित पातळीचे आयुष्य मर्यादित आहे: प्रेसिओडिमियममध्ये सुमारे १६४ मायक्रोसेकंद, युरोपियममध्ये सुमारे दोन मिलिसेकंद. म्हणून समेच्या आधीच लेसरचा एक तीव्र नियंत्रक स्पंद सोडून ते उद्दीपन खालच्या, म्हणजे अणुकेंद्रकाच्या स्पिनमुळे विभागलेल्या पातळीत उतरवतात. ऊर्जा सोडून दिली जाते असे मी वर म्हटले ते इथे घडते. प्रेसिओडिमियममध्ये या पातळ्यांमधले अंतर दहा ते सतरा मेगाहर्ट्‌झ आहे आणि फोटॉनची स्वतःची वारंवारता सुमारे ५०० टेराहर्ट्‌झ. म्हणजे फोटॉनच्या ऊर्जेच्या काही कोटी भागांतला एकच भाग मागे उरतो, बाकीची ऊर्जा नियंत्रक स्पंदासोबत निघून जाते. मागे राहते ती केवळ फेजची नोंद, स्पिनच्या रूपात. वाचनाच्या वेळी दुसरा नियंत्रक स्पंद ती ऊर्जा पुन्हा पुरवतो आणि फोटॉन नव्याने घडतो. त्याला ‘तोच फोटॉन’ म्हणायचे का, हा प्रश्न मला विद्यार्थी नेहमी विचारतात. माझे उत्तर असे की, त्याची अवस्था तीच आहे आणि क्वांटम भौतिकीत फोटॉनची ओळख अवस्थेहून वेगळी नसते.

आता तासाकडे येऊ. वायूत प्रकाश थांबवण्याचे पहिले प्रयोग हार्वर्डच्या परिसरात २००१ मध्ये झाले आणि तिथे साठवणुकीची वेळ मिलिसेकंदाच्या घरात होती. घन स्फटिकात ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथील गटाने २००५ मध्ये एका सेकंदाची मर्यादा ओलांडली. जर्मनीतील डार्मस्टाट येथे २०१३ मध्ये हाइन्झे, हुब्रिख आणि हाल्फमान यांनी प्रेसिओडिमियमच्या स्फटिकात प्रकाश एक मिनिटभर राखला. त्यात तीन पट्ट्यांचे एक साधे चित्रही साठवून परत वाचले होते. तुम्ही वाचलेली बातमी २०२१ ची, चीनच्या विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठाच्या हफेई येथील गटाची आहे. त्यांनी युरोपियमच्या स्फटिकात प्रकाशाचे फेज तासभर राखून ते सुमारे ९६ टक्के विश्वासार्हतेने परत मिळवले.

एवढा काळ स्पिन कसे टिकतात? याचे बरेचसे श्रेय स्फटिकाच्या निवडीला आहे. सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांच्या बहुतेक समस्थानिकांच्या केंद्रकांना चुंबकत्वच नसते आणि यिट्रियमचे असते ते फार क्षीण. त्यामुळे आजूबाजूचा चुंबकीय गोंगाट मुळातच कमी. त्यात आणखी एक उपाय करतात. टेकडीच्या अगदी माथ्यावर उभे राहून एक छोटे पाऊल इकडे तिकडे पडले तरी उंचीत फरक पडत नाही. तसे बाहेरच्या चुंबकीय क्षेत्राचे एक विशिष्ट मूल्य आणि दिशा अशी असते की, तिथे क्षेत्र थोडे हलले तरी स्पिनची वारंवारता हलत नाही. कॅनबेराच्या गटाने २०१५ मध्ये युरोपियमच्या स्फटिकात अशा बिंदूवर, सुमारे १.३५ टेस्लाच्या क्षेत्रात आणि दोन केल्विन तापमानाला, रेडिओ स्पंदांनी स्पिन पुन्हा पुन्हा उलटवत ठेवून त्यांची फेज सहा तासांच्या आसपास टिकते असे दाखवले. पण तो प्रयोग स्पिनवरचा होता. त्यात प्रकाश साठवून परत काढलेला नव्हता. बातम्यांमध्ये हा फरक हमखास गळून पडतो.

आणि इथेच मला सर्वांत जास्त थांबायचे आहे, कारण साठवणुकीची वेळ ही एकटी संख्या काहीच सांगत नाही. तासाभराच्या त्या प्रयोगात आत सोडलेला प्रकाश एकेका फोटॉनचा नव्हता, तो कितीतरी तेजस्वी होता, आणि आत गेलेल्यातला फार थोडा भाग बाहेर आला. हा त्या प्रयोगाचा दोष नव्हे. फेज इतका काळ जगू शकते हे दाखवणे एवढाच त्यांचा हेतू होता आणि तो त्यांनी पूर्ण केला. पण सरासरी एका फोटॉनइतक्या मंद प्रकाशाची क्वांटम अवस्था राखायची म्हटले की, वेळ एकदम खाली येते: जिनिव्हाच्या गटाने २०२२ मध्ये युरोपियमच्या स्फटिकात अशी अवस्था वीस मिलिसेकंद राखली. कार्यक्षमतेची गोष्ट आणखी वेगळी आहे. कॅनबेरातच २०१० मध्ये ६९ टक्के प्रकाश परत मिळवलेला आहे, मात्र तिथे साठवणूक मायक्रोसेकंदांची होती. तास, एकटा फोटॉन आणि ६९ टक्के, या तीन गोष्टी तीन वेगवेगळ्या प्रयोगांतल्या आहेत. त्या एकाच स्फटिकात, एकाच वेळी मिळवणे हेच आमच्या क्षेत्राचे खरे काम आहे.

एकट्या फोटॉनचे काम इतके अवघड का, हे माझ्या एका अनुभवावरून सांगतो. मी नवखा असताना प्रेसिओडिमियमच्या स्फटिकात स्पिनपर्यंतची साठवणूक करण्याचा प्रयत्न करत होतो. लेसर ६०६ नॅनोमीटरचा, म्हणजे डोळ्यांना स्पष्ट नारिंगी दिसणारा. मोजणी करून काढलेल्या आलेखात अपेक्षित वेळी बरोबर एक टेकाड येऊ लागले. नियंत्रक स्पंदांमधले अंतर बदलले की तेही सरकत होते. जवळजवळ दोन आठवडे मी त्यावर आकडे गोळा केले. मग एका संध्याकाळी गटातल्या ज्येष्ठ सहकाऱ्याने येऊन आत जाणाऱ्या मंद किरणासमोर काळ्या पुठ्ठ्याचा तुकडा धरला. टेकाड तसेच राहिले. आम्ही साठवतच काही नव्हतो. दुसऱ्या नियंत्रक स्पंदाने उरलेसुरले आयन हलवून निर्माण केलेला तो त्याचाच प्रकाश होता. नियंत्रक स्पंदात अब्जावधी फोटॉन असतात आणि आपल्याला हवा असलेला एक फोटॉन त्यांच्यापासून वारंवारतेत केवळ दहा-वीस मेगाहर्ट्‌झ दूर असतो. पाच कोटींत एक भागाइतका फरक. बाजारात मिळणारी रंगीत काचेची गाळणी इथे उपयोगी पडत नाही. आम्ही दुसरा तसाच स्फटिक घेऊन त्याच्या शोषणपटात नेमक्या हव्या त्या वारंवारतेला लेसरने एक अरुंद खिडकी कोरतो आणि ती गाळणी म्हणून वापरतो. त्या दिवसापासून आमच्याकडे कोणताही निकाल मांडण्याआधी आत जाणारा प्रकाश अडवून घेतलेली मोजणी शेजारी ठेवावी लागते, आणि मी कोणाचाही शोधनिबंध वाचताना आधी तीच आकृती शोधतो.

दुसरा त्रास क्रायोस्टॅटचा, म्हणजे स्फटिक थंड ठेवणाऱ्या यंत्राचा. द्रवरूप हेलियम न लागणारी, विजेवर चालणारी शीतन यंत्रे आता सर्वत्र आहेत आणि सोयीची आहेत, पण त्यांचा पंप सेकंदाला एक-दीड वेळा ठोका देतो. खोलीत तो ठक्‌-ठक्‌ आवाज दिवसभर चालू असतो. स्फटिक त्या ठोक्याने नॅनोमीटरांत हलतो आणि ताणलाही जातो, एवढ्यानेही फेज बिघडते. आम्ही स्फटिक मऊ तांब्याच्या पट्ट्यांनी टांगतो आणि मोजणी दोन ठोक्यांमधल्या शांत काळातच करतो. साठवणुकीची वेळ त्या शांत काळापेक्षा लांबवायची असेल तर यंत्रच बदलावे लागते. ‘एक तास’ या दोन शब्दांमागे अशा कितीतरी तजविजी असतात.

आता हार्ड डिस्क. साधी, शून्य आणि एकची माहिती अशा स्फटिकांत साठवता येते आणि ही कल्पना नवीन नाही. लेसरने शोषणपटात खिडक्या कोरून प्रत्येक खिडकीला एक बिट मानायचे, म्हणजे एकाच ठिपक्यावर वेगवेगळ्या वारंवारतांना हजारो बिट मावतील, अशा योजनांवर १९७० आणि ८० च्या दशकांत बराच गांभीर्याने विचार झाला. युरोपियममध्ये अशी खिडकी थंडाव्यात कित्येक दिवस टिकते. पण स्फटिक गरम झाला की सगळे पुसले जाते, आणि त्याच काळात चुंबकीय डिस्क आणि पुढे फ्लॅश स्मृती साध्या तापमानाला स्वस्त होत गेल्या. तुमच्या पेनड्राइव्हचे काम खिशात बसणाऱ्या चिपने होत असेल तर त्यासाठी चार केल्विनचे यंत्र कोणी बाळगणार नाही. साध्या माहितीसाठी या स्फटिकांना मी तरी भविष्य मानत नाही.

त्यांची गरज वेगळ्याच ठिकाणी आहे. फायबरमधला प्रकाश दर किलोमीटरला सुमारे ०.२ डेसिबल कमी होतो. मुंबई ते नागपूर अंतर हिशेबाच्या सोयीसाठी ८०० किलोमीटर धरा: एकूण घट १६० डेसिबल, म्हणजे दहाच्या सोळाव्या घातात एक फोटॉन पोहोचणार. सेकंदाला एक अब्ज फोटॉन सोडले तरी पलीकडे एक फोटॉन पोहोचायला सरासरी जवळजवळ चार महिने लागतील. साध्या दूरसंचारात वाटेवर अ‍ॅम्प्लिफायर बसवून ही अडचण सुटते. क्वांटम अवस्थेचे तसे करता येत नाही, कारण अनोळखी क्वांटम अवस्थेची हुबेहूब प्रत काढता येत नाही. हे १९८२ मध्ये वूटर्स व झुरेक यांनी आणि स्वतंत्रपणे डिक्स यांनी सिद्ध केले. फोटॉन मोजून घ्यावा आणि आकडे वहीत लिहून ठेवावेत हा मार्गही त्याच कारणाने बंद आहे: मोजले की अवस्था मोडते.

म्हणून वाटेचे तुकडे करायचे. १०० किलोमीटरचे आठ टप्पे करा, प्रत्येक टप्प्याच्या दोन टोकांना स्फटिक ठेवा, दोन्हीकडून एकेक फोटॉन मध्यावर पाठवा, आणि ते दोन्ही तिथे पोहोचले की त्या दोन स्फटिकांच्या अवस्था परस्परांत गुंततात, म्हणजे एकीचे वर्णन दुसरीशिवाय करता येत नाही. १०० किलोमीटरला घट २० डेसिबल, म्हणून एका टप्प्यात यश शंभरात एक. स्फटिकांत स्मृती नसेल तर आठही टप्पे एकाच क्षणी यशस्वी व्हावे लागतील, म्हणजे शंभरात एकचा आठवा घात, पुन्हा तोच दहाच्या सोळाव्या घातात एक. तुकडे करून काहीच हाती लागले नाही. स्मृती असेल तर जो टप्पा आधी यशस्वी झाला तो बाकीच्यांसाठी थांबू शकतो. सगळा फायदा या थांबण्यात आहे.

किती थांबावे लागेल? फायबरमध्ये प्रकाशाला एक किलोमीटरला पाच मायक्रोसेकंद लागतात. फोटॉन मध्यावर जाऊन निकाल परत यायला अर्धा मिलिसेकंद. शंभरात एक यश, म्हणजे एका टप्प्याला सरासरी ५० मिलिसेकंद, आणि आठांपैकी सर्वांत उशिरा जमणाऱ्याची वाट पाहायची तर त्याहून बरेच जास्त. म्हणजे वीस मिलिसेकंदांची स्मृती अपुरी ठरते. पण इथे या स्फटिकांचा दुसरा गुण कामी येतो: त्यांच्या रुंद शोषणपटामुळे एकाच स्फटिकात एकापाठोपाठ अनेक फोटॉन, क्रम न बिघडता, साठवता येतात. स्पेनमधील बार्सिलोनाजवळच्या आयसीएफओ संस्थेच्या गटाने २०२१ मध्ये दोन प्रेसिओडिमियम स्फटिकांमध्ये असे गुंतलेपण निर्माण केले, तेव्हा वेळेचे ६२ कप्पे एकत्र वापरले होते. एका फेरीत ६२ संधी मिळाल्या तर निदान एक यश मिळण्याची शक्यता निम्म्याच्या जवळ जाते आणि दोन-तीन फेऱ्यांत, म्हणजे एक-दीड मिलिसेकंदात, टप्पा जमतो. मग वीस मिलिसेकंद पुरेसे वाटू लागतात. (प्रत्यक्षात फोटॉनचा स्रोत आणि शोधक यांतली घट यात धरावी लागते, म्हणून खरे आकडे याहून कठोर आहेत.) या कारणाने, एक तासाऐवजी वीस मिलिसेकंद आणि हजार कप्पे असा स्फटिक कोणी देऊ केला, तर मी तो आनंदाने घेईन.

कार्यक्षमतेचाही हिशेब पाहा. आठ टप्प्यांना सोळा स्फटिक. प्रत्येकाने निम्मे फोटॉन परत दिले तर सगळे मिळून पासष्ट हजारांत एकदा यश. प्रत्येकाने ९० टक्के दिले तर पाचांत जवळजवळ एकदा. पन्नासावरून नव्वदवर जाण्याने एवढा फरक पडतो.

कोणता स्फटिक चांगला, हे मात्र परिस्थितीवर अवलंबून आहे आणि यावर आमच्यातही एकमत नाही. प्रेसिओडिमियम प्रकाशाशी जोरात जुळतो, प्रयोग लवकर उभा राहतो, पण त्याच्या पातळ्या जवळ असल्याने साठवणुकीची रुंदी काही मेगाहर्ट्‌झपुरती मर्यादित राहते. युरोपियम फार काळ टिकतो, पण प्रकाश शोषण्यात मंद. चांगली कार्यक्षमता हवी तर स्फटिकाभोवती आरसे लावून प्रकाश अनेकदा फिरवावा लागतो. दोन्ही दृश्य प्रकाशात काम करतात, त्यामुळे फायबरसाठी वेगळ्या तरंगलांबीचा जोडीदार फोटॉन लागतो. अर्बियम १५३६ नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे थेट दूरसंचाराच्या पट्ट्यात काम करतो, पण त्याच्या इलेक्ट्रॉनचे चुंबकत्व मोठे असल्याने त्याला शांत करायला सात टेस्लाचे चुंबक लागले. तेवढे केल्यावर कॅनबेराच्या गटाने २०१८ मध्ये त्यात एका सेकंदाहून जास्त स्पिनची फेज टिकवून दाखवली. माझे काम शहराशहरांतल्या फायबरशी निगडित असल्याने माझा कल अर्बियमकडे आहे. ज्याला सर्वाधिक काळ हवा, त्याने युरोपियमकडे वळावे.

तुमच्या पेनड्राइव्हला मात्र एक खरे उत्तर आहे. सहा तासांच्या त्या प्रयोगानंतर कॅनबेराच्या गटाने स्वतःच असे सुचवले की, गुंतलेल्या अवस्था फायबरमधून पाठवण्याऐवजी स्फटिकच एका गावाहून दुसऱ्या गावी न्यावेत. फायबरमध्ये चार महिन्यांत एक फोटॉन पोहोचत असेल, तर कप्प्यांनी भरलेला स्फटिक थंड यंत्रासकट गाडीत ठेवून बारा तासांत मुंबईहून नागपूरला नेणे हिशेबाने कितीतरी जलद ठरते. वाटेतले धक्के सोसून चुंबकीय क्षेत्राची दिशा अंशाच्या लहानशा भागापर्यंत जागेवर ठेवावी लागेल; आज कोणाकडेही ते साधन नाही. पण भौतिकशास्त्राचा कोणताही नियम त्याच्या आड येत नाही.

भारतात या विषयाला जागा आहे का, असेही तुमच्या प्रश्नातून जाणवले. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजूर केलेल्या, ६००३.६५ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम अभियानाच्या उद्दिष्टांत क्वांटम स्मृतींसह अनेक केंद्रांचे जाळे हे स्पष्टपणे लिहिलेले आहे. पुण्याच्या आयसर संस्थेत क्वांटम तंत्रज्ञानाचे केंद्र आहे आणि मुंबईच्या आयआयटीत याच अभियानाचे संवेदन व मापन या शाखेचे केंद्र आहे.

महाविद्यालयात मात्र चार केल्विन मिळणार नाही, म्हणून साधे सुचवतो. कृत्रिम माणकाचा एक तुकडा घ्या. लेसरच्या जुन्या कांडीचा मिळाला तर उत्तम. त्यावर हिरव्या लेसरचा, पंख्याच्या पात्याने किंवा चॉपरने तुटक केलेला किरण टाका, लाल काचेची गाळणी लावून समोर फोटोडायोड ठेवा आणि तो ऑसिलोस्कोपला जोडा. लेसरपासून डोळ्यांचे रक्षण करणारा चष्मा घातल्याशिवाय हे करू नका. हिरवा किरण तुटला की लाल चकाकी लगेच न विझता तीन-चार मिलिसेकंदांत घातांकी वक्राने खाली येताना दिसेल. ही माणकाच्या आत थांबलेली ऊर्जा. मग महाविद्यालयात किंवा जवळच्या विद्यापीठात शिकवण्यासाठीचे छोटे एनएमआर (अणुकेंद्रकांच्या स्पिनचा चुंबकीय संकेत मोजणारे) यंत्र असेल, तर ग्लिसरिनच्या नमुन्यावर हानचा स्पिन प्रतिध्वनी घ्या: पहिला स्पंद, ठरावीक थांबा, दुसरा स्पंद, आणि तेवढ्याच थांब्यानंतर रिकाम्या रेषेतून वर येणारा संकेत. थांबा दुप्पट करा, संकेत दुप्पट उशिरा येईल आणि थोडा खुजा होईल. तो किती वेगाने खुजा होतो त्यावरून फेज टिकण्याची वेळ काढा. दोन्ही आलेख एका वहीत शेजारी शेजारी चिकटवा. पहिल्यातली वेळ चांदणीची आहे, दुसऱ्यातली आमच्या स्फटिकाची. काढलेले आकडे इथे टाकलेत तर मी ते जरूर पाहीन. प्रतिध्वनी दिसलाच नाही तर स्पंदांची लांबी किती ठेवली होती तेही लिहा, कारण बहुतेक वेळा चूक तिथेच असते.